इंग्लिश पिच्चर आणि खालची ओळ

तर झालं असं, की यंदा बारावीचा निकाल लागला त्या दुपारी मामेभावाचा फोन आला. मी हापिसात मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला. निकालाच्या दिवशीचा फोन कट करायचा नसतो.

"भाऊ, गेलो ना इंग्रजीत. बावीस पडले."

बाकी सगळ्या विषयांत पास. मामा घाटंजीजवळ कपाशी आणि तूर करतात. त्यांनी पोराला एवढंच सांगितलं होतं, की आता तू कास्तकारीत येऊ नको. आता एका विषयाने सगळं अडलं. पुरवणी परीक्षा तोंडावर. मी दोन धीराचे शब्द बोललो, मग तो जरा घुटमळून म्हणाला, "यूट्यूबवर एक जण सांगत होता, इंग्लिश पिच्चर पाहा, आपोआप इंग्रजी येते म्हणून. खरं हाये का? मी रोज एक पायतो मग."

मी सवयीने "चेक करून सांगतो" म्हणालो. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "विसरून जा" असा असतो. पण पोरगा माझ्या भरवशावर बसला होता. म्हणून दोन शनिवार-रविवार या विषयात घातले. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की या प्रश्नाला एक चांगला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आमच्या जिल्ह्याच्या डोक्यावरून गेला आहे.

आधी "इंग्लिश पिच्चर" या शब्दाबद्दल. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे कळणार नाही, पण तालुक्याच्या गावात एके काळी या शब्दाला भलताच अर्थ होता. टॉकीजला सकाळच्या खेळाला इंग्लिश पिच्चर लागायचा, त्याचं पोस्टर बसस्टँडच्या मागच्या भिंतीवर असायचं, आणि तो बघताना कोणी ओळखीचा भेटला तर दोघंही एकमेकांना ओळख दाखवायचे नाहीत. माझ्या वडिलांच्या पिढीत "मी इंग्रजी सुधारायला इंग्लिश पिच्चर बघतो" असं घरी सांगितलं असतं, तर सुधारणा दुसऱ्याच अवयवाची झाली असती. :)

बरे इंग्रजी सिनेमे मुंबई-पुण्याच्या, फार तर नागपूरच्या थेटरात लागायचे. हे बदललं १९९४ मध्ये. स्पीलबर्गचा 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला आणि हॉलिवूडला पहिल्यांदा कळलं, की भारतात इंग्रजी न कळणारा प्रेक्षक किती मोठा आहे. मग 'टायटॅनिक' आला, २००२ मध्ये 'स्पायडरमॅन' हिंदीबरोबर तमिळ आणि तेलुगूतही आला, आणि २००७ चा तिसरा 'स्पायडरमॅन' तर भोजपुरीतसुद्धा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कार्टूनची आणि प्राण्यांची चॅनेलंही हिंदी बोलायला लागली. आम्ही पोरं खूश. डायनासोर हिंदी बोलतो याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. जून २००० मध्ये ते पहिलीपासून सुरू झालं. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांचा हा निर्णय, आणि त्यावर तेव्हा बराच वादही झाला. माझी पहिली २००३ ची, म्हणजे मी या निर्णयाच्या सुरुवातीच्या पिकातला. निर्णय मला आजही पटतो. पैसेवाल्यांची मुलं इंग्रजी शाळेत जाणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाने 'ए फॉर ॲपल' साठी चार वर्षं थांबायचं, हे बरोबर नव्हतंच. पण इंग्रजी शिकवायला उभे राहिलेले गुरुजी स्वतः मराठी माध्यमातून डी.एड. झालेले. त्यांनी तरी इंग्रजी कुठे ऐकलं होतं? ते फळ्यावर स्पेलिंग लिहायचे, आम्ही सुरात म्हणायचो. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. कुठलाही माणूस दुसऱ्या माणसाशी हे वाक्य बोलत नाही, पण आम्ही चार वर्षं बोललो.

म्हणजे गंमत बघा. सरकारने इंग्रजी पहिलीत आणलं त्याच काळात बाजाराने इंग्रजी पडद्यावरून काढून टाकलं. खेड्यातल्या पोराच्या कानावर खरं इंग्रजी पडायची जी एकमेव फुकटची सोय होऊ शकली असती, ती डबिंगने बंद केली. यात कोणाचा कट वगैरे नव्हता. तिकिटं विकायची होती, विकली.

आमच्या जिल्ह्याचं इंग्रजीशी नातं तसंही जरा चमत्कारिक आहे. १९७३ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, म्हणजे सिनेमाची गाणी आणि पटकथा लिहिणारा माणूस. पुढचं संमेलन यवतमाळला आलं ते थेट जानेवारी २०१९ मध्ये, आणि ते गाजलं नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं म्हणून. मराठीच्या संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा विरोधाचा सूर होता. शेवटी उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, शेतकरी आत्महत्येनंतर घर सांभाळणाऱ्या बाईंनी, आणि त्या फार चांगल्या बोलल्या. असो. त्या आठवड्यात इंग्रजीवरून टीव्हीवर जेवढी भांडणं झाली, त्यात इंग्रजीत नापास होणाऱ्या पोरांचा विषय कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

सरकारने पडदा वापरलाच नाही असं मात्र नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक, पण टीव्ही काही लगेच गहुलीला पोचला नाही. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि मग खेड्यापाड्यांत टीव्ही शक्य झाला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना नुसतं नाव काढलं तरी तिचं गाणं आठवतं. हजारो कार्यक्रम केले त्यांनी, आणि २०१७ मध्ये सरकारने ती बंद केली.

त्याच १९८४ च्या १५ ऑगस्टला यूजीसीने 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. छोट्या गावांतल्या कॉलेजच्या मुलांना मोठ्या शहरांतल्या तोडीचं शिक्षण टीव्हीवरून मिळावं म्हणून. हेतू उत्तम. पण कार्यक्रम इंग्रजीत. म्हणजे ज्याची अडचणच इंग्रजी आहे त्याला भौतिकशास्त्र इंग्रजीतून सांगायचं, आणि खाली एक अक्षर लिहायचं नाही. माझे एक काका तेव्हा यवतमाळला बी.एस्सी.ला होते. ते सांगतात, की दुपारी तो कार्यक्रम लागला की घरातले सगळे उठून जायचे आणि काका एकटे बसून राहायचे. कळत काही नव्हतं. पण बंद केला तर आपण हरलो असं वाटायचं.

माझ्या शाळेतही टीव्ही होता, माझ्या जन्माच्या आधी कुठल्या तरी योजनेत आलेला. तो लोखंडी कपाटात असायचा. कपाट १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला उघडायचं, कारण झेंड्याची दोरीही त्याच कपाटात होती.

आता "खाली एक अक्षर लिहायचं नाही" हे मी वर लिहिलं, त्याच्यावरच सगळी गोष्ट येऊन थांबते. त्यासाठी जरा बाहेरच्या जगात जाऊन येऊ.

चित्रपटातून इंग्रजी शिकवायची कल्पना नवी नाही. आय. ए. रिचर्ड्स नावाचे केंब्रिजचे मोठे समीक्षक होते. ८५० शब्दांच्या 'बेसिक इंग्लिश' चे ते पुरस्कर्ते. १९४२ च्या सुमाराला ते चक्क डिस्नेच्या स्टुडिओत गेले, हलत्या चित्रांमधून भाषा कशी शिकवता येईल हे समजून घ्यायला. म्हणजे कवितेवर जाडजूड पुस्तकं लिहिणारा प्रोफेसर मिकी माऊसवाल्यांच्या शेजारी बसून रेघोट्या मारतोय! मला हे वाचून फार बरं वाटलं.

पण खरा शोध लागला तो भलत्याच वाटेने. १६ मार्च १९८० ला अमेरिकेत टीव्हीवर 'क्लोज्ड कॅप्शन' सुरू झाल्या. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी बोललेलं वाक्य त्याच भाषेत खाली लिहून यायचं. तिकडच्या टीव्ही सिग्नलमध्ये चित्राच्या वर काही ओळी रिकाम्या जातात. त्यातल्या २१ व्या ओळीत ही अक्षरं लपवून पाठवायचे आणि टीव्हीला एक वेगळा डबा लावला की ती दिसायची. (माझ्यातल्या इंजिनिअरला या असल्या जुगाडांचं फार कौतुक आहे.) डबा बहिऱ्या लोकांसाठी होता, पण तो बाहेरून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेली कुटुंबंही विकत घ्यायला लागली, ज्यांचे कान ठणठणीत होते पण इंग्रजी कच्चं होतं. कॅरन प्राइस यांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं, की परभाषिक विद्यार्थ्यांना या ओळींचा फायदा होतो. इकडे ब्रिटनमध्ये रॉबर्ट व्हॅन्डरप्लँक यांनी टेलिटेक्स्टच्या ८८८ नंबरच्या पानावरच्या ओळी परदेशी विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि १९८८ मध्ये तेच सांगितलं. पुढे अमेरिकेत १९९० मध्ये कायदाच झाला, आणि १९९३ पासून १३ इंचांवरच्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती चिप आतच बसवून यायला लागली.

फायदा का होतो? इंग्रजी ऐकताना नवख्याला शब्द सुटे ऐकूच येत नाहीत, सगळी एक लांब दोरी ऐकू येते. खाली तीच ओळ लिहिलेली दिसली की दोरीला गाठी दिसतात. हा शब्द इथे संपला, हा इथे सुरू झाला. आणि उलटंही होतं. पुस्तकात पाहिलेलं स्पेलिंग तोंडाने कसं बोलतात ते कानाला कळतं. इंग्रजी ही लिहितात एक आणि बोलतात एक अशी भाषा आहे, त्यामुळे दोन्ही एकदम समोर येणं महत्त्वाचं.

मग ही ओळ आमच्याकडे का नाही आली? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता, आणि उत्तर निघालं तांत्रिक.

आमच्याकडे घरात सिनेमा आला तो आधी व्हिडिओ कॅसेटने. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन पिच्चर. मग आली व्हीसीडी. युरोप-अमेरिकेत व्हीसीडी फारशी चाललीच नाही, ते लोक कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर गेले. व्हीसीडी गाजली ती आशियात, आणि आपल्याकडे तर तुफान, कारण प्लेअर स्वस्त आणि चकती त्याहून स्वस्त. आता डीव्हीडीत सबटायटल्सचे ३२ पर्यंत वेगळे ट्रॅक ठेवता येतात. रिमोटवरचं बटण दाबा, इंग्रजी चालू, बंद, स्पॅनिश, काय हवं ते. १९९३ च्या व्हीसीडीच्या ठरावीक रचनेत असा ट्रॅकच नाही. ३५२ बाय २८८ चं चित्र, एमपेग-१, संपला विषय. अक्षरं हवी असतील तर ती चित्रावरच कायमची छापावी लागतात. म्हणजे वणी, दिग्रस, उमरखेडला पाच-दहा रुपये भाड्याने जी चकती मिळायची, तिच्यात एक तर हिंदी डब पिच्चर असायचा, नाही तर बिनअक्षरी इंग्रजी. जगभर विद्यार्थी ज्या ओळीवर इंग्रजी पक्कं करत होते, ती ओळ आमच्या चकतीत मावतच नव्हती! आणि जागा तरी किती लागते म्हणता? पूर्ण सिनेमाची सबटायटल फाईल साधारण १०० केबी. साधा मजकूर, वेळ आणि वाक्य, वेळ आणि वाक्य. ७०० एमबीच्या पिच्चरपुढे ती म्हणजे पोत्याला लावलेली चिठ्ठी.

भारतात या ओळीचं महत्त्व ज्यांना सगळ्यात आधी कळलं त्यांची गोष्ट छान आहे. ब्रिज कोठारी तेव्हा अमेरिकेत कॉर्नेलला शिकत होते. १९९६ मध्ये काही मित्र मिळून अल्मोदोव्हारचा एक स्पॅनिश सिनेमा बघत बसले होते, आणि ही मंडळी स्पॅनिश शिकत होती. खाली सबटायटल्स इंग्रजीत. कोठारी सहज म्हणाले, या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या तर आपलं स्पॅनिश लवकर सुधारलं असतं. आणि तिथून डोकं भारताकडे गेलं. आपल्याकडे कोट्यवधी माणसं कागदावर साक्षर आहेत पण त्यांना नीट वाचता येत नाही, आणि हीच माणसं सिनेमाची गाणी मात्र रोज ऐकतात. गाण्याच्या खाली त्याच भाषेत शब्द लिहिले तर? पुढे आयआयएम अहमदाबादला असताना त्यांनी हे करून दाखवलं. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या 'चित्रगीत' मध्ये गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी आल्या, नंतर २००२ मध्ये 'रंगोली' त हिंदी. त्यांच्या 'प्लॅनेटरीड' या संस्थेने पुढे, २०१३ च्या सुमारास, 'झी टॉकीज' वरच्या मराठी सिनेमांतल्या गाण्यांनाही मराठी ओळी दिल्या. आमच्या आजीला ती गाणी बघताना मी पाहिलंय. ओठ हलायचे आणि नजर खाली असायची. ती चौथी शिकलेली होती आणि त्यानंतर तिने काही वाचल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

म्हणजे मूळ कल्पना परकी भाषा शिकण्याची होती. आपण ती स्वतःची लिपी वाचायला वापरली, आणि ते योग्यच केलं. पण इंग्रजीच्या पोरांसाठी ती तशीच्या तशी उचलायला हरकत नव्हती.

इंग्रजीचं काम शेवटी सरकारने नाही, केबलने केलं. २००० च्या दशकात इंग्रजी सिनेमांच्या चॅनेलांनी इंग्रजी पिच्चरखाली इंग्रजीच ओळी द्यायला सुरुवात केली. शिव्या आल्या की तिथे सोज्वळ शब्द यायचे, ती करमणूक वेगळीच. यात शिकवण्याचा हेतू अजिबात नव्हता, अमेरिकन उच्चार कळत नाहीत म्हणून प्रेक्षक चॅनेल बदलू नये इतकंच. पण इंजिनिअरिंगला माझ्याबरोबर असलेल्या निम्म्या पोरांनी इंग्रजी तिथेच शिकलं. फक्त हे चॅनेल पैसे भरणाऱ्यांकडे यायचं. खेड्यात २००४ च्या डिसेंबरपासून जी दूरदर्शनची फुकट छत्री लागली, तिच्यावर इंग्रजी सिनेमाचं चॅनेल नव्हतं. आणि छत्री असो की केबल, त्या काळात विदर्भाच्या खेड्यात लोडशेडिंग इतकं होतं, की पिच्चरचा शेवट बघायला मिळणं ही चैन होती.

आता माझी गोष्ट. मी नववीत असताना, म्हणजे २०११-१२ ची गोष्ट, आमच्या शाळेत एक तरुण सर आले होते. इंग्रजीत कच्च्या अशा आम्हा पंधरा-सोळा जणांना ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर 'फाइंडिंग निमो' आणला आणि कुठून तरी मागून आणलेल्या प्रोजेक्टरने भिंतीवर लावला. मूळ इंग्रजी, खाली इंग्रजी ओळी. आम्हाला वाटलं, चला, दोन तास आराम. पण सर पाच मिनिटांचा तुकडा लावायचे आणि थांबवायचे. परत तोच तुकडा. मग आवाज बंद करून ओळी आम्ही वाचायच्या. मग ओळींवर वही धरून नुसतं ऐकायचं. दोन महिन्यांत आम्ही अर्धासुद्धा पिच्चर पाहिला नाही. निमो सापडतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं! त्यात एक विसराळू मासोळी आहे, ती सिडनीचा एक पत्ता पुन्हा पुन्हा घोकत असते. सरांनी तो पिच्चर का निवडला हे मला आत्ता लिहिताना कळतंय. आमच्यासारखंच घोकणारं कोणी तरी त्यात होतं, फरक एवढाच की ती ज्याच्यासाठी घोकत होती त्याला अर्थ होता.

माझ्या शेजारी बसायचा तो मित्र केळापूरकडच्या एका कोलाम पोडावरचा. घरी कोलामी, म्हणजे मराठीशी काही नातं नसलेली, तेलुगूच्या कुळातली भाषा. शाळेत मराठी, पाचवीपासून हिंदी आणि वर इंग्रजी. आम्ही ज्याला तिसरी भाषा म्हणायचो ती त्याची चौथी होती, आणि हे त्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्याचा कान मात्र जबरदस्त. तुकडा दोनदा ऐकला की तो अख्खा संवाद उच्चारासकट म्हणून दाखवायचा, माशाच्या आवाजात. सगळे हसायचे, सर टाळ्या वाजवायचे. पण ओळी वाचायची वेळ आली की तो खाली मान घालायचा. त्याला पहिल्यापासून अक्षरंच नीट लागली नव्हती, आणि त्या वेगाने पळणारी ओळ तर दिसायचीच नाही. सर त्याच्यासाठी ओळी वहीवर मोठ्या अक्षरांत उतरवून आणायचे. त्याने थोडा फरक पडायला लागला होता, खरंच पडायला लागला होता. मग दिवाळीनंतर सरांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि ते गेले. लॅपटॉप त्यांचाच होता.

दहावीत तो इंग्रजीत गेला. बोर्डाच्या पेपरात आवाज काढून दाखवायला जागा नसते. आता तो जिनिंगमध्ये हंगामी कामाला असतो असं ऐकतो. मी पास झालो, एकोणचाळीस गुणांनी.

हे सगळं मनात असल्यामुळे संशोधन वाचताना मी जरा संशयाने वाचत होतो. २००९ मध्ये हॉलंडमध्ये मिटरर आणि मॅक्वीन या दोघांनी एक प्रयोग केला. डच विद्यार्थ्यांना ऑस्ट्रेलियन इंग्रजीतली एक विनोदी मालिका किंवा स्कॉटिश इंग्रजीतला 'ट्रेनस्पॉटिंग' पंचवीस मिनिटं दाखवला. काहींना इंग्रजी ओळी, काहींना डच, काहींना काहीच नाही. इंग्रजी ओळीवाल्यांचा कान त्या अनोळखी उच्चाराला सगळ्यात चांगला सरावला. डच ओळीवाल्यांना नवी वाक्यं ऐकवली तेव्हा ते उलट मागे पडले. आपल्या भाषेची ओळ समोर असली की डोळे तीच वाचतात आणि कान सुट्टी घेतो. म्हणजे हिंदी सबटायटल लावून इंग्रजी पिच्चर बघणारे जे आहेत, त्यांची करमणूक होते, बाकी काही नाही.

पण ते डच विद्यार्थी. त्यांचं इंग्रजी आधीच आपल्या मॅनेजरपेक्षा बरं असतं. ज्याला बावीस पडले त्याचं काय? तर त्याच वर्षी वेब आणि रॉजर्स यांनी ३१८ सिनेमांमधले शब्द मोजले. सिनेमातले ९५ टक्के शब्द ओळखायचे तर साधारण ३००० शब्दकुळं यावी लागतात. शब्दकुळ म्हणजे 'प्ले, प्लेइंग, प्लेअर' हे सगळं मिळून एक. मामेभावाला किती येत असतील? मी फोनवर अंदाज घेतला. बिचारा शब्द सांगत होता आणि मी मनात मोजत होतो, आणि थोड्या वेळाने मीच विषय बदलला.

म्हणजे रोज एक पिच्चर बघून काही होणार नव्हतं. रोज दोन तास न कळणाऱ्या भाषेत बसणं, हे आमच्या काकांनी 'कंट्रीवाइड क्लासरूम' पुढे करून पाहिलंय. त्या सरांनी केलं तेच खरं. तुकडा लहान, ओळ त्याच भाषेची, आणि तोच तुकडा कंटाळा येईपर्यंत. फरक एवढाच की आज त्याला लॅपटॉपवाला सर लागत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून घाटंजीतही नेट आहे, आणि यूट्यूब तर २००९ पासून इंग्रजी ओळी आपोआप टाकतं, चुकीच्या का असेना. पण थांबवणारा, परत लावणारा, "वाच आता" म्हणणारा कोणी तरी लागतो. तो मी व्हायचं ठरवलं, रात्री साडेनऊ ते दहा, फोनवर.

त्याला म्हटलं, "पिच्चर पायचा नाही. तीन मिनिटं पायची."

"तीन मिनिटात काय कळते भाऊ?"

"तेच तर."

पहिले चार दिवस वैतागला. रोज तोच तुकडा, तीच बारा-पंधरा वाक्यं. ऐकायचं, वाचायचं, वहीत उतरवायचं, वहीचा फोटो मला पाठवायचा. शिवाय पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका वेगळ्या, कारण परीक्षा शेवटी बोर्डाची आहे, पिक्सारची नाही. त्याने पेपरात किती पडतील ते मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी मात्र वेळेआधीच त्याचा फोन आला.

"भाऊ, तो के-एन-ओ-डब्ल्यू हाये ना, त्यातला के बोलतच नाई का कोणी?"

"नाही बोलत."

"मी बारा वर्षं क्नोव म्हणून वाचत होतो बे. शाळेत कोणी काऊन नाई सांगितलं?" थोडा वेळ थांबला. मागे मामी भांडी घासत होती, तो आवाज येत होता. "थांब, अजून असे कोणते कोणते हायेत ते पायतो या तुकड्यात."